अप, डाउन आणि करून टाक

भुसावळ-जळगाव पट्ट्यातल्या माणसाला अप आणि डाउन वेगळं शिकवावं लागत नाही. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाते ती अप, मुंबईकडून येते ती डाउन. पासावर रोज ये-जा करणारा माणूस ‘मी अपडाउन करतो’ असं सांगतो. सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा मुलगा काय करतो, तर ‘जळगावला अपडाउन करतो’. नोकरी कसली, हा पुढचा प्रश्न.

इतक्या चोख मुलखात वाढलेल्या माणसाला इंग्रजीतले अप-डाउन भेटले, की तो चक्रावतो. घर ‘बर्न डाउन’ होतं, कागद ‘बर्न अप’ होतो, दोन्हींची राखच. गाडी ‘स्लो डाउन’ होते तशी ‘स्लो अप’ही होते, आणि दोन्ही वेळा वेग कमीच होतो. फॉर्म ‘फिल इन’ करा नाहीतर ‘फिल आउट’ करा, भरायचा तोच फॉर्म. आत आणि बाहेर एकच, हे आपल्याकडे फक्त संतांना जमलं होतं.

ऑफचं तर विचारूच नका. आमच्याकडे ऑफ म्हणजे बंद. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की मोटर ऑफ, केळीचं पाणी ऑफ, शेतकऱ्याचं डोकं मात्र ऑन. इंग्रजीत दिवा ‘गो ऑफ’ झाला म्हणजे विझला, इथवर ठीक. पण अलार्म ‘गो ऑफ’ झाला म्हणजे तो वाजला! बॉम्ब झाला तर फुटला, दूध झालं तर नासलं. जाणारा ‘गो’ तोच, ‘ऑफ’ही तोच. विमान ‘टेक ऑफ’ घेतं आणि माणूस बूट ‘टेक ऑफ’ करतो, त्यात त्या बिचाऱ्या ‘टेक’चं घेणं कुठे राहिलं?

माझी बारावीतली भाची सध्या असल्या क्रियापदांची यादी पाठ करते आहे. क्लासच्या झेरॉक्सवर डावीकडे ‘पुट ऑफ’, ‘पुट आउट’, ‘पुट अप विथ’. उजवीकडे त्यांचे अर्थ ‘पोस्टपोन’, ‘एक्स्टिंग्विश’, ‘टॉलरेट’. गंमत अशी, की उजवीकडचे लांबलचक शब्द तिला आधीच येतात. डावीकडचे, जे तिकडचं शेंबडं पोरसुद्धा बोलतं, ते मात्र घोकावे लागतात. याला कारण आहे. उजवीकडचे शब्द मूळ लॅटिनचे, काही फ्रेंचमार्गे आलेले. त्यांचा वावर कचेरीत, कायद्यात, पाठ्यपुस्तकात. आपली इंग्रजी याच दारांनी आली. एखाद्याला ‘अग्निशमन’ येतं पण ‘विझवून टाक’ येत नाही, तशी ही गत. आपण तर ‘पोस्टपोन’च्या जोडीला ‘प्रीपोन’ही करून ठेवलं, ‘पुट ऑफ’च्या वाटेला गेलो नाही.

डॉक्टर जॉन्सनने 1755 साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच कबूल केलं होतं की क्रियापदामागे लागणाऱ्या या चिमुकल्या शब्दांचा परदेशी माणसाला सगळ्यात जास्त जाच होतो. त्याच्या उदाहरणांत ‘फॉल ऑन’ आहे, अर्थ हल्ला करणे. आता बघा, आपणही शत्रूवर ‘तुटून पडतो’च की. पडायचं आपणच, आणि मार खायचा शत्रूने! या प्रकाराला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच उशिरा रुळलं. लोगन पिअरसल स्मिथने 1925 सालच्या पुस्तकात ते वापरलं आणि नाव सुचवल्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं.

इंग्रजीला नावं ठेवण्याआधी संस्कृतच्या मास्तरांचा एक श्लोक आठवावा: उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥ उपसर्ग धातूच्या अर्थाला बळजबरीने भलतीकडे ओढून नेतो. धातू एकच, ‘हृ’. पण आहार घेतला तर माणूस जगतो आणि संहार झाला तर संपतो. पाणिनी आधी सांगतो की हे उपसर्ग धातूच्या अलीकडे ठेवायचे. लगेच पुढच्या दोन सूत्रांत पुस्ती जोडतो: वेदात ते पलीकडेही येतात, आणि मध्ये दुसरे शब्दही घुसतात. पलीकडे, आणि मध्ये अंतर राखून! हे तर थेट ‘टर्न द लाईट ऑफ’ झालं. भाचीला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर तिने विचारलं, ‘मामा, पेपरात येणार आहे का?’

मराठीने उपसर्ग संस्कृतकडे ठेवले आणि स्वतःसाठी वेगळी सोय केली: क्रियापदाच्या पाठीशी दुसरं क्रियापद. नुसतं ‘बोल’ घ्या. बोलून टाक, म्हणजे एकदाचं मन मोकळं कर. बोलून घे, म्हणजे तुझं काम होईल. बोलून ठेव, पुढे उपयोगी पडेल. बोलून दाखवलं, म्हणजे मनात सगळ्यांच्याच होतं. बोलून गेला, म्हणजे तोंडातून निसटलं. आणि बोलून बसला म्हणजे आता भोगा. यात कोणी काही टाकलं नाही, घेतलं नाही, आणि जो बसला तो कदाचित उभाच होता. याची झेरॉक्स आम्हाला कोणी दिली नव्हती. मला विचाराल तर भाचीचीही यादी फेकून द्यावी आणि तिला ती क्रियापदं गोष्टींतून, गप्पांतून, दहा ठिकाणी भेटू द्यावीत. पण क्लासची फी भरून झाली आहे.

अहिराणी तर आणखी पुढची. ‘काय करी राह्यना भो?’ विचारलं की उत्तर येतं, ‘जाई राह्यनू.’ चाललेला माणूस राहतो! रावेर-यावलकडे तोच गडी ‘जाऊन राहिलो’ म्हणतो, आणि बस सुटेपर्यंत खरोखर राहतोही.

आमच्या शेजारी बँकेतले एक अधिकारी राहायला आले, तमिळनाडूचे. ‘करून टाक’ त्यांनी आठवड्यात उचललं, कारण त्यांच्या भाषेतही क्रियापदामागे ‘विडु’ असंच चिकटतं. मूळ अर्थ सोडणे. ‘बसणे’ मात्र जरा घाईने उचललं. एके दिवशी भर शाखेत अभिमानाने म्हणाले, ‘मी मराठी शिकून बसलो!’ सगळे हसले, पण दुरुस्त कोणी केलं नाही. साहेबांना मराठी येतं म्हटल्यावर पीककर्जाची सगळी रांग त्यांच्याच टेबलाकडे वळवली होती.