टोरेनियाचा उघडा भ्रूणकोश

बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून मला १८ वर्षं झाली. दरवर्षी भ्रूणकोशाची, म्हणजे बीजांडातल्या अंडपेशी असलेल्या इवल्याशा पिशवीची, आकृती फळ्यावर काढायची आणि 'सात पेशी, आठ केंद्रकं' हे घोकून घ्यायचं. यंदा जुलैत एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही हे खरोखर बघितलंय?" तयार स्लाइडमध्ये बघितलं होतं, कापलेलं नि रंगवलेलं. जिवंत मात्र कधीच नाही.

बहुतेक फुलांत ते दिसतही नाही. बीजांडातल्या चार बीजाणूंपैकी तीन मरतात. उरलेल्याचं केंद्रक तीनदा विभागून आठ होतात, मग भित्ती पडतात. हे सगळं घडतं आवरणांच्या आत. टोरेनिया हे फुलझाड मात्र वेगळं. त्याच्या भ्रूणकोशाचं टोक बीजांडद्वारातून, म्हणजे बीजांडाच्या तोंडाशी असलेल्या छिद्रातून, चक्क बाहेर येतं. आणि हे झाड माझ्याच गच्चीत, कुंडीत फुललेलं!

दुसऱ्या दिवशी चार फुलं डब्यात घालून नेली. अंडाशय ब्लेडने उभा चिरला, सुईने बीजांडं साखरपाण्याच्या थेंबात मोकळी केली. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली फोकस हळूहळू फिरवत गेले आणि एका बीजांडाच्या तोंडातून बाहेर आलेलं काचेसारखं टोक दिसलं. टोकाशी दोन सहाय्यक पेशी, अगदी खेटून. त्यांच्या शेंड्याला भित्तीची जाड, चकाकती घडी. थोडी आत अंडपेशी. मागे मध्यपेशीचा फुगीर भाग, तोही अर्धाच बाहेर. माझा श्वास अडकला होता.

या सहाय्यक पेशींना आम्ही वर्गात एका ओळीत उरकतो. वास्तविक परागनलिकेला, म्हणजे परागकणातून निघून बीजांडाकडे वाढत येणाऱ्या नळीला, बोलावतात त्याच. जपानच्या तेत्सुया हिगाशियामा यांच्या गटाने टोरेनियातच लेझरने एकेक पेशी मारून हे २००१ मध्ये दाखवलं. अंडपेशी मारली तरी नलिका येते. सहाय्यक पेशींपैकी एक उरली तरी येते, जरा कमी वेळा. दोन्ही मारल्या की येतच नाही. त्या पेशी सोडत असलेली छोटी प्रथिनं २००९ मध्ये सापडली. नलिका आली की त्यातलीच एक पेशी तिला आत घेते आणि स्वतः विरून जाते.

त्या मुलीने जर्नलमध्ये काढलेल्या आकृतीत सहाय्यक पेशी चांगल्या ठसठशीत होत्या, पण भ्रूणकोशाच्या दुसऱ्या टोकाच्या तीन प्रतिध्रुवीय पेशी नव्हत्या. विचारलं तर म्हणाली, "त्या आतच राहिल्या ना मॅडम, दिसल्या नाहीत." मी सही केली.