‘हम आपके हैं कौन’ आणि ताब्याचा एक अर्ज

मराठवाड्यातील एका कौटुंबिक न्यायालयात मी विवाह समुपदेशक म्हणून काम करते. मुलाच्या ताब्याचे अर्ज आमच्याकडे येतात, पण ते बहुधा विभक्त झालेल्या नवरा-बायकोचे असतात. हा अर्ज मात्र एका विधुराने १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली आपल्या सासू-सासऱ्यांविरुद्ध केलेला होता. बाळंतपणानंतर काही महिन्यांत पत्नी वारली, मूल आजोळी राहिले, आणि परत मागितल्यावर आजीने ते दिले नाही, एवढीच त्याची हकीकत. एक घर गोदाकाठचे, दुसरे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले. पक्षकारांची ओळख पटू नये म्हणून इतर तपशील मी बदलले आहेत.

तारखेला दोन्ही घरची माणसे एकाच जीपमधून उतरली, तेव्हाच काहीतरी ठरवून आल्याचे माझ्या लक्षात आले. “म्याडम, आता भांडण ऱ्हायलं नाही. धाकटीला जावयाला द्यायचं ठरलंय. लेकराला माय मिळंल, दोन्ही घरं जुळून ऱ्हातील,” सासरे म्हणाले. आमच्याकडे ही सोयरीक नवी नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही मृत पत्नीच्या बहिणीशी लग्नाला मनाई नाही, आणि अशी काही लग्ने चांगली निभावलेली मी पाहिली आहेत. नातू सावत्र आईच्या हाती पडेल ही आजीची भीतीही खोटी म्हणता येत नाही. पण ज्या मुलीचे लग्न ठरले होते, ती दाराशी बाळाला कडेवर घेऊन उभी होती आणि या बोलण्यात तिचा एकही शब्द नव्हता.

मी तिच्याकडे पाहते आहे हे हेरून आजी म्हणाल्या, “त्या माधुरीच्या पिच्चरमधी बी असंच हाय की. थोरली जाती, मग धाकटीच लेकरू पोटाशी धरती, अन् थोरल्याशी लगीन लावून घेती.”

मला राहवले नाही. मी म्हटले, “काकू, त्यात धाकटीचं लग्न थोरल्याशी होतच नाही. त्याच्या भावाशी होतं.”

त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग अगदी गंभीरपणे म्हणाल्या, “मग कसं करावं? याला तर भाऊच नाही!” जावयासकट सगळे हसले, आणि खोलीतला ताण थोडा उतरला.

आजींची चूक समजण्यासारखी होती. ५ ऑगस्ट १९९४ रोजी आलेला सूरज बडजात्यांचा ‘हम आपके हैं कौन’ हा चित्रपट लोकांच्या मनात राहिला तो त्यातल्या सोहळ्यांमुळे. तीन तासांहून मोठ्या चित्रपटात १४ गाणी. बूट लपवणे, डोहाळजेवण, बारसे असे सगळे काही. शिवाय माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा लागू, लक्ष्मीकांत बेर्डे आणि संगीताला रामलक्ष्मण, म्हणजे विजय पाटील, त्यामुळे आपल्या लोकांना तो घरचाच वाटला. या सगळ्या आनंदात थोरल्या बहिणीच्या, पूजाच्या, मृत्यूनंतरचा पेच झाकून जातो. धाकट्या निशाचे पूजाच्या दिरावर, प्रेमवर, प्रेम असते; आपले लग्न त्याच्याशीच ठरते आहे अशा समजुतीत ती होकार देते, आणि नवरदेव पूजाचा नवरा राजेश आहे हे कळल्यावर निशा आणि प्रेम दोघेही घरासाठी मुकाट्याने माघार घेतात. टफी नावाच्या कुत्र्याने तिची चिठ्ठी राजेशच्या हाती पोहोचवली नसती, तर त्या सज्जन वडीलधाऱ्यांनी ते लग्न मोठ्या प्रेमाने लावून टाकले असते. ‘नदिया के पार’ या १९८२ च्या चित्रपटातही हाच पेच आहे, आणि दोन्हींच्या मुळाशी असलेल्या केशवप्रसाद मिश्र यांच्या ‘कोहबर की शर्त’ या कादंबरीत तर धाकट्या बहिणीला, गुंजाला, थोरलीच्या नवऱ्याशी, ओंकारशीच, लग्न करावे लागते. मला कादंबरीच अधिक खरी वाटते, कारण माझ्या टेबलासमोर येणाऱ्या घरांत टफी नसतो. कोणी दुष्ट असेल तर त्याच्याशी भांडता तरी येते. सगळेच मायेने वागत असतील तर मुलीने नाही म्हणायचे कोणाला?

मी सर्वांना बाहेर बसवून एकेकाशी बोलले. समुपदेशकापुढे सांगितलेले गोपनीय राहते, हे मुलीला दोनदा सांगावे लागले. ती जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे कोणावर प्रेम वगैरे काही नव्हते. बराच वेळ ओढणीचे टोक पिळत बसल्यावर ती म्हणाली, “मला लेकरू पाहिजे, दाजी नकोत. पण मी नाही म्हणलं तर आई म्हणंल, बहिणीच्या लेकराला टाकलं. माझं नाव येऊ देऊ नका.”

त्यानंतर जावई आत आला. तो रडला. बायकोला जाऊन वर्षही झाले नव्हते, आणि त्यालाही कोणी विचारले नव्हते. लेकरासाठी तयार हो, एवढेच सांगितले होते. मुलगी काय म्हणाली हे मी त्याला सांगितले नाही, आणि त्यानेही विचारले नाही. “माझ्याच तोंडानं सांगतो,” एवढे म्हणून तो उठला.

एकत्र बैठकीत त्याने हात जोडून सांगितले की त्याला आता लग्न करायचे नाही, ना हिच्याशी ना कोणाशी. आजी भडकल्या. माझ्या लेकीत काय खोट आहे, असा त्यांचा सवाल होता, आणि दोष आपसूक जावयाच्या माथी आला. त्याने तो उतरवून टाकण्याचा प्रयत्न केला नाही. मुलगी मान खाली घालून बाळाचे बटण लावत राहिली.

लग्नाचा विषय संपल्यावर मूळ अर्जाकडे वळायला दुपार झाली. शाळेत जाईपर्यंत मूल आजोळी राहावे, वडिलांनी दर आठवड्याला त्याला आपल्या घरी न्यावे, दवाखान्याचा खर्च त्यांनी करावा आणि सणवार वाटून घ्यावेत, यावर दोन्ही बाजू राजी झाल्या. वकिलांनी तडजोडीच्या पुरसिसीत, म्हणजे न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनात, ‘बाळाची मावशी त्याचा सांभाळ करील’ असे एक कलम घातले होते. ती या अर्जात पक्षकार नाही आणि तिला परीक्षेला बसायचे आहे, असे सांगून मी ते काढून टाकण्याची सूचना केली. सासऱ्यांना ते मुळीच पटले नाही, पण सही त्यांनी केली.