थांबण्याआधी वहीत लिहा

स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा, असा निरोप आला. सहलींच्या, स्नेहसंमेलनांच्या, छड्यांच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. ही पानं मात्र संगणक कक्षात कूलरसमोरची जागा धरून बसणाऱ्या पोट्ट्यांसाठी आहेत. विषय एकच, ब्रेकपॉइंट : चालता प्रोग्राम ठरलेल्या ओळीवर थांबवणारी खूण.

शाळेनं प्रयोगवहीत दोन रकाने आखायला शिकवलं : अपेक्षित आणि निरीक्षण. (निरीक्षणाचा रकाना घरूनच भरून आणणारेही होते, गुरुत्वत्वरण दरवर्षी नेमकं ९.८ यायचं!) डिबगरमध्ये (प्रोग्राम थांबवून आतल्या किमती दाखवणाऱ्या साधनात) मात्र दोन्ही रकाने खरे लागतात. ब्रेकपॉइंट लावण्याआधी ‘इथे बेरीज ३१०० असावी’ असं कागदावर लिहा. न लिहिता थांबलात, तर जी किंमत दिसेल ती बरोबरच वाटते.

एक उदाहरण घेऊ. सी भाषेत ५० मुलांचे गुण फाइलमधून वाचायचे, बेरीज करायची, सरासरी काढायची. एकाच स्ट्रक्चरमध्ये ५० घरांचा ‘गुण’ हा ॲरे आणि त्याला लागून ‘बेरीज’, दोन्ही पूर्णांक. खरी सरासरी ६२. प्रोग्राम सांगतो १२४. तेही १०० पैकी! संशय भागाकारावर जातो, कारण चूक तिथं दिसली. म्हणून आधी भागाकाराच्याच ओळीवर थांबा. ब्रेकपॉइंटची ओळ अजून चाललेली नसते, डिबगर तिच्या उंबरठ्यावर उभा असतो. त्या ओळीनं केलेला बदल बघायचा तर एक पाऊल पुढं जावं लागतं : जीडीबी या डिबगरमध्ये नेक्स्ट, व्हीएस कोड या संपादकात एफ १०. इथं मात्र उंबरठ्यावरच बेरीज ६२०० दिसते. भागाकार निर्दोष सुटला, आता वरचा लूप, म्हणजे एकेक गुण वाचून बेरजेत मिळवणाऱ्या फेऱ्या.

लूपमध्ये पन्नास वेळा कंटिन्यू (पुढच्या थांब्यापर्यंत चल) दाबत बसू नका. ‘आय’ हा फेऱ्या मोजणारा चल. बेरजेच्या ओळीवर अट घाला : आय >= ४९. (अटीत == लिहायच्या जागी = पडलं, तर जीडीबी तुलना करत नाही, आयमध्ये ती किंमतच भरतो. अट दरवेळी खरी ठरते आणि प्रोग्रामही बिघडतो.) आय ४९ असताना थांबून एक पाऊल टाकलं की बेरीज ३१००, वहीत लिहिली तशीच. कंटिन्यू दाबा. पुन्हा थांबला, आय ५०! झिरो माइलच्या नागपुरातल्या मुलांनी तरी मोजणी शून्यापासून होते हे विसरू नये. पन्नासाव्या मुलाचं घर ४९ क्रमांकाचं. लूपच्या अटीत < ऐवजी <= पडलं आहे. ५० क्रमांकाचं घर ॲरेत नाहीच, त्या जागी बेरीज बसली आहे. फाइल संपल्यामुळे तिथं नवीन काही वाचलं जात नाही, बेरीज स्वतःतच मिळवली जाते. म्हणून नेमकी दुप्पट.

किंमत कोण बदलतंय हेच कळत नसेल तर त्या चलावर वॉच (किंमत बदलली की थांबवणारा पहारा) लावा. जीडीबी जुनी आणि नवी किंमत दाखवतो, पण बदल झाल्यावर थांबतो. त्यामुळे दिसणारी ओळ बहुधा पुढची असते, गुन्हेगार तिच्या मागं. एक्स-८६ (बहुतेक पीसींतल्या) प्रोसेसरमध्ये यासाठी ४ डिबग रजिस्टर असतात, प्रत्येक जास्तीत जास्त ८ बाइटांवर नजर ठेवतं. २०० बाइटांचा आख्खा ॲरे त्यात मावत नाही. मग प्रोसेसरला दिलेली एकेक सूचना (इन्स्ट्रक्शन) तपासत प्रोग्राम रांगतो. आणि स्थानिक चलावरचा वॉच फंक्शन संपलं की आपोआप उडतो.

साधा ब्रेकपॉइंट वेगळ्या रीतीनं चालतो. डिबगर सूचनेचा पहिला बाइट काढून तिथं सीसी हा षोडशमान बाइट, म्हणजे २०४, ठेवतो. प्रोसेसर तिथं अडकला की लिनक्स सिगट्रॅप हा थांब्याचा इशारा पाठवतं. पुढं जाताना मूळ बाइट परत ठेवायचा, एक सूचना चालवायची, सीसी पुन्हा बसवायचा. अट खोटी निघाली तरी ही सगळी ये-जा होतेच. म्हणून लाखो फेऱ्यांच्या लूपमध्ये अटीचा ब्रेकपॉइंट जीव काढतो. अट प्रोग्राममध्येच इफ म्हणून लिहा आणि आतल्या ओळीवर साधा ब्रेकपॉइंट ठेवा.

‘काहून थांबत नाही बाप्पा?’ बहुतेक वेळा फाइल बदललेली असते, पण कंपाइल केलेली नसते. नाहीतर कंपाइल करताना -जी (डिबगरसाठी माहिती ठेवणारा पर्याय) द्यायचा राहिलेला असतो. -ओ२ (प्रोग्राम वेगवान करणारा पर्याय) लावलं असेल तर ओळी मागंपुढं उड्या मारतात आणि चलाच्या जागी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ येतं. शिकताना -ओ०, म्हणजे ती करामत बंद, ठेवा. व्हीएस कोडमध्ये लाल ठिपक्याऐवजी पोकळ राखाडी वर्तुळ दिसलं, तर तो ब्रेकपॉइंट बसलेलाच नाही.

अनेक थ्रेड (प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे धागे) असतील तर थांबणंच कधी कधी चूक लपवतं, कारण वेळांचं गणित बदलतं. तिथं लॉगपॉइंट वापरा. तो न थांबता किंमत छापतो.

पायथॉन ३.७ पासून ब्रेकपॉइंट() ही एक ओळ पुरते. प्रकल्प जमा करण्याआधी ती शोधून काढून टाका, नाहीतर परीक्षकांसमोर प्रोग्राम मध्येच थांबून कर्सर लुकलुकत बसेल.