'सबर्बिया' का दाखवत नाही?

गोव्यातल्या फोंड्यात आम्ही लावलेला सिनेमा संपला की गप्पांत कोणी ना कोणी विचारतंच, "सर, पंक पोरांवरचा 'सबर्बिया' सगळे नावाजतात, मग तुम्ही तो का लावत नाही?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

पेनेलोपी स्फीरिस या दिग्दर्शिकेचा हा 1983चा सिनेमा. पंक म्हणजे बंडखोर, कर्कश रॉक संगीत आणि त्याभोवती जमलेली पोरं. घरातून पळालेली पोरं लॉस एंजलिसच्या उपनगरात, ओस पडलेल्या घरांत एकत्र राहतात. स्वतःला 'द रिजेक्टेड' म्हणवतात, अंगावर 'टी. आर.' डागून घेतात, रात्री शेजारच्या वस्तीतल्या गॅरेजांत शिरून खाणं पळवतात. बाईंनी नटांऐवजी बरीचशी खरीखुरी पंक पोरं घेतली. पाळीव उंदीर बाळगणारा रॅझल म्हणजे तर 'रेड हॉट चिली पेपर्स' या रॉक बँडचा बेसवादक फ्ली.

आणि इतकी अस्सल माणसं हाताशी असून पटकथा त्यांना धड बोलू देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. प्रत्येकाच्या रागाला घरातलं एकेक कारण चिकटवलंय. एकाची आई दारुडी, दुसऱ्याचा सावत्र बाप पोलीस. शीला आपल्या अंगावरचे बापाने दिलेले व्रण दाखवते, तेव्हा मात्र अंगावर काटा येतो. तिथे कॅमेऱ्याने थांबायला हवं होतं, तिला आणखी बोलू द्यायला हवं होतं. त्याऐवजी पुढे तिची आत्महत्या, अंत्यविधीत बापाशी हाणामारी, आणि शेवटी दोन माथेफिरूंच्या गाडीखाली चिरडलेला चिमुरडा ईथन. खलनायक सापडले की प्रेक्षक निर्धास्त घरी जातो.

याच बाईंनी 1981मध्ये 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन' हा माहितीपट केला होता. त्यात साधी भिंत, एक उघडा दिवा आणि समोर बसलेलं पोर. बाई विचारतात, ते बोलतं. 'ब्लॅक फ्लॅग' या पंक बँडचा गायक जुन्या चर्चमधली आपली राहायची जागा दाखवतो, ती जेमतेम कपाटाएवढी! त्याच्या वतीने कोणी काही समजावून सांगत नाही, तरी सगळं कळतं. ज्यांना असं ऐकता येत होतं, त्यांनीच पुढच्या सिनेमात निकाल आधी लिहून ठेवावा?

हे मला इतकं लागतं ते गोव्यामुळे. पर्वरीपासून किनाऱ्यापर्यंत फ्लॅट कुलूप लावून पडलेत आणि इथल्या पोरांना भाड्याची खोली परवडत नाही. त्यातला एखादा चिडला, केस रंगवून फिरला, की आपण लगेच म्हणतो, घरचं वळण नाही, नाहीतर कसल्यातरी नादाला लागला. त्याला कोणी विचारत नाही. 'सबर्बिया'ही नेमका तेवढ्यावरच थांबतो.

तुम्हाला बघायचाच असेल तर जरूर बघा, पण आधी तो माहितीपट बघा. आम्ही तोच लावणार आहोत, आणि त्या दिवशी माझं प्रास्ताविक नसेल. पहिल्यांदा पोरं बोलतील.