आजोबांची पहिली वेलांटी

१९८४ च्या मे महिन्यात, नाशिकला तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात, आजोबा परत आले. स्टीलच्या वाटीतून आले.

सुट्टीला सगळी भावंडं जमलेली. मोठी माणसं जेवून आडवी झाली की माडीवर आमचंच राज्य. आतेबहीण पुण्याहून प्लँचेट शिकून आली होती. कॅरमवर बोरिक पावडर टाकली, कडेने चिठ्ठ्या मांडल्या. बाराखडी कुठे मावायची, म्हणून काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या. पहिली वेलांटी निराळी, दुसरी निराळी. ही सूचना माझी, कारण येणार होते आजोबा, आणि आजोबा म्हणजे मराठीचे मास्तर. नातवंडांनी पाठवलेली पत्रं लाल शाईने तपासून परत पाठवणारा माणूस.

उपड्या वाटीवर चौघांची बोटं. उदबत्ती अर्धी जळेपर्यंत काही नाही. मग वाटी जराशी शहारली आणि चक्क चालायला लागली. आ. श. पहिली वेलांटी. र. व. काना. द. रफाराची चिठ्ठी करायची राहिली होती, ते आम्ही सांभाळून घेतलं. धाकटा मामेभाऊ रडायला लागला. पुढचे आठ दिवस मी रात्री एकटी मोरीत गेले नाही.

आशीर्वादातली शी दीर्घ असते, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

ते आलं दहा वर्षांनी, मानसशास्त्राचं एम.ए. करताना. फॅरडेबद्दल वाचत होते. वीज आणि चुंबकवाला तोच मायकेल फॅरडे. १८५३ मध्ये लंडनमध्ये टेबलं फिरवायचं वेड लागलं होतं. चार भली माणसं हात टेकून बसत आणि टेबल आपोआप सरकत असे. कोणी म्हणे वीज, कोणी म्हणे आत्मे. फॅरडेने माणसांना खोटं ठरवलं नाही, हे मला फार आवडतं. त्याने हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवले, मऊ चिकट गोळ्यांनी हलकेच जोडलेले. टेबलाने हात ओढला असेल तर खालचा पुठ्ठा पुढे जाणार, हाताने टेबल ढकललं असेल तर वरचा. वरचा गेला होता. मग त्याने एक काटा बसवला, हात जरा कलला की हलणारा. काटा बसणाऱ्यांना दिसायला लागला आणि टेबल थांबलं! लबाडी कोणीच करत नव्हतं. ढकलत मात्र होते, आणि त्यांना ते कळत नव्हतं.

पुस्तक मिटलं आणि ती वाटी डोळ्यांपुढे आली. सातवीपर्यंत मी 'आशिर्वाद' असंच लिहायचे. लाल शाई त्याचीच तर होती.

शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हेच दोऱ्याला टांगलेल्या वजनावर १८३३ मध्येच दाखवलं होतं: डोळे बांधले की झोका थांबतो. पिंपळगावचे माझे मामा बोअर घेण्याआधी अजूनही पाणाडी बोलावतात. त्याच्या तळहातावर आडवा नारळ उभा राहतो. मी मामांना शेव्हरल सांगितला. मामा म्हणाले, "त्याला म्हणावं द्राक्षबाग लाव, मग बोलू."

खरी गंमत लाइपझिगची. तिथल्या विद्यापीठात विल्हेल्म वूंटने १८७९ मध्ये प्रयोगशाळा काढली. मानसशास्त्राचा जन्म म्हणून परीक्षेत हेच साल लिहायचं. त्याआधी दोनेक वर्षं त्याच गावात हेन्री स्लेड हा अमेरिकन माध्यम आला होता. बंद पाटीवर आत्म्यांकडून मजकूर उमटवणारा. लंडनमध्ये एकाने वेळेआधीच त्याची पाटी हिसकावली, तर मजकूर आधीच लिहिलेला. शिक्षाही झाली होती, तांत्रिक मुद्द्यावर सुटला. लाइपझिगमध्ये खगोलभौतिकीचे प्राध्यापक त्सॉल्नर त्याच्यावर इतके भाळले की आत्मे चौथ्या मितीतून येतात, असं त्यांनी मांडलं. बैठकीला कोण? संवेदना मोजण्याचं शास्त्र १८६० मध्ये उभं करणारा म्हातारा फेख्नर. आणि एकदा स्वतः वूंट.

वूंटने नंतर जाहीर पत्र लिहून हा प्रकार झाडला. त्यातली एक गोष्ट वाचून मी लायब्ररीत मोठ्याने हसले. पाटीवर उमटलेलं जर्मन अशुद्ध होतं, अर्धवट जर्मन येणारा अमेरिकन लिहील तसं. म्हणजे त्यांच्याकडेही पहिली वेलांटीच!

आमच्या अभ्यासक्रमात हे सगळं गाळलेलं असतं. वूंट, १८७९, पुढचा प्रश्न. पण भुतांच्या मागे लागलेल्यांनीच या शास्त्राला सावध केलं, असं माझं मत आहे. शार्ल रिशे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये पत्ते ओळखण्याच्या प्रयोगांत योगायोगाचं गणित आणलं, ते विचारसंक्रमण, म्हणजे टेलिपथी, तपासायला. एस. जे. डेव्ही हा हौशी इंग्रज जादूगार तर स्लेडसारख्याच पाट्यांच्या युक्त्या शिकला, लोकांना बैठकीला बोलावलं आणि नंतर पाहिलेलं लिहून मागितलं. १८८७ मध्ये ते छापून आलं. शिकलेसवरलेले लोक, पण पाटी मध्येच नजरेआड झाली होती हे गाळलेलं, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. साक्षीदाराच्या आठवणीवरचा इतका जुना आणि इतका खट्याळ प्रयोग दुसरा मला माहीत नाही.

आपल्याकडेही धागा पोचतो. हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ मिन्स्टरबर्ग याच्या बैठकीत, १९०९ मध्ये, युसापिया पलादिनो या माध्यमबाईंचा पाय टेबलाखाली पकडला गेला. त्याच मिन्स्टरबर्गचे विद्यार्थी नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या हाती पुढे कलकत्ता विद्यापीठातला प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग आला. मिन्स्टरबर्गला हार्वर्डला आणणारा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स मात्र अडून राहिला. सगळे कावळे काळे असतात हा नियम मोडायला एक पांढरा कावळा पुरतो, असं तो १८९६ मध्ये म्हणाला. त्याचा पांढरा कावळा म्हणजे बॉस्टनच्या पायपर या माध्यमबाई. त्यांच्याकडे तो पहिल्यांदा गेला ते १८८५ मध्ये, तान्हा मुलगा गेला त्याच वर्षी. या वाक्यावर मला कधी हसू आलं नाही.

कावळ्यांचं आम्हा नाशिककरांना काय सांगावं. चार वर्षांपूर्वी रामकुंडावर बाबांचा दहावा होता. पिंड ठेवला, आणि शिवेल तर शपथ. काका म्हणाले, "वाड्याचं आम्ही नीट बघू." नाही. भावाने काही कबूल केलं. नाही. शेवटी आई पुढे झाली, हळूच म्हणाली, "माझी काळजी करू नका हो." आणि कावळा आला.

घरात ही गोष्ट आता अशीच सांगतात. मला आणखी एक अंधुक आठवतं: शेजारच्या मंडळींनी त्याच सुमारास पानं उचलली, शेव-भात सांडला, आणि तिकडचे कावळे उठले. ते आईच्या बोलण्याआधी की नंतर? भाऊ म्हणतो, असं काही झालंच नाही. वीस वर्षं पोरांना डेव्ही शिकवला, पण त्या दिवशी घरी येऊन मीही काही लिहून ठेवलं नाही.