लाल टोपण, केशरी टोपण

९ जुलै, पहाटे साडेपाच. हर्णै.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. भुऱ्या, आमचा मधुमेही बोका, आत्ता कुठे चुलीजवळच्या पोत्यावर शांत झोपलाय. मघाशी साखर तपासायला कानाच्या कडेला सुई टोचली तेव्हा त्याने कान झटकला, माझ्यावर गुरगुरला, आणि मला रडूच फुटलं. रात्री एक वाजता टोचलं तेव्हा तो हललासुद्धा नव्हता.

झालं ते आजच लिहून ठेवते. चूक माझी आहे.

काल संध्याकाळी सातला, नेहमीच्या वेळी, त्याचे इन्सुलिनचे दोन युनिट द्यायचे होते. पाऊस कोसळत होता, वीज दुपारपासून गेलेली. मोबाईलच्या उजेडात डब्यातून सिरिंज काढली, बाटलीतून औषध ओढलं आणि मानेमागची कातडी उचलून टोचलं. ती सिरिंज सासूबाईंची होती.

सासूबाईंचं इन्सुलिन १ मिलिलिटरला ४० युनिटचं, म्हणून त्यांच्या सिरिंजला लाल टोपण. भुऱ्याचं इन्सुलिन, ग्लार्जिन, १ मिलिलिटरला १०० युनिटचं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. लाल सिरिंजवर दोनच्या रेघेपर्यंत शंभरचं औषध भरलं की अंगात पाच युनिट जातात. अडीच पट. भुऱ्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोन्ही सिरिंजा शेजारी धरून हे दाखवलं होतं. तरी दोन्ही मी एकाच डब्यात ठेवत होते.

एकच्या सुमारास भांडं पडल्याचा आवाज आला. भुऱ्या पाण्याच्या वाडग्याशी झिंगल्यासारखा डोलत होता, मागचे पाय फाकलेले, नजर कुठेच नाही. मीटरवर आकडा आला ४१. माणसाच्या मीटरवर मांजराची साखर खऱ्यापेक्षा जरा कमी दिसते हे मला माहीत आहे, पण त्याच्याकडे बघून शंकेला जागाच नव्हती. बोटाला मध घेऊन हिरड्यांना चोळला. तोंडात ओतायचा नाही, शुद्ध नसेल तर श्वासनलिकेत जातो. सासूबाई काठी टेकत उठून आल्या, जमिनीवर बसल्या आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "अगो, घाबरू नको. माझी साखर उतरते तेव्हा मलाही असंच गरगरतं. येईल तो."

मी ओटीच्या टोकाला जाऊन, जिथे रेंज मिळते तिथून, चिपळूणला डॉक्टरांना फोन लावला. एवढ्या रात्री त्यांनी तो उचलला, हे मी विसरणार नाही. थोडा सावरला की खायला द्या, दर अर्ध्या तासाने साखर बघा, सकाळचं इन्सुलिन देऊ नका, पुन्हा उतरली तर लगेच घेऊन निघा. एवढंच बोलले, सावकाश.

दीडला ६३. मग कोंबडीचा उकडलेला तुकडा हुंगला आणि खाल्ला. दोनला पुन्हा ५८. परत मध. औषध बारा-बारा तास चालणारं, त्यामुळे वर आलेली साखर पुन्हा खाली जाते, म्हणून पहाटेपर्यंत कालनिर्णयच्या मागे आकडे लिहीत बसलो. पाचला १४८.

मार्चमध्ये हे सगळं सुरू झालं ते सासूबाईंच्याच लक्षात आलं. परसात जांभ्याच्या पायरीवर भुऱ्या मुतायचा तिथे मुंग्यांची रांग लागलेली. "याला माझंच दुखणं झालंय," त्या म्हणाल्या. मला हसू आलं होतं. पण तो वाडगाभर पाणी प्यायचा, दुप्पट खायचा आणि तरी साडेसहा किलोचा पाच किलोवर आला होता. मागचे पाय टाचा टेकवून चालायचा, कठड्यावर उडी जमत नव्हती. अकरा वर्षांचा, नसबंदी झालेला, सुस्त बोका: डॉक्टर म्हणाले, हा आजार अशांनाच जास्त गाठतो. पिशवीतून चिपळूणपर्यंत ओरडत आलेल्या मांजराची साखर भीतीनेही वर जाते, म्हणून त्यांनी एका आकड्यावर विश्वास न ठेवता फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी करायला लावली. त्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर कळते.

तेव्हापासून भात बंद. सारातला भात आणि बांगड्याचं डोकं यांवर तो वाढला, आणि भात मांजराला लागतच नाही हे मला अकरा वर्षांनी कळलं. एप्रिल-मेमध्ये बंदरावरून ताजे मासे यायचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग कोंबडी, आणि कधी ओढ्यावर कुणी चढणीचे मासे धरले तर ते. सुकट खारट, ती नाही. पण दोन महिन्यांत वजन थांबलं, पाणी कमी झालं, टाचा उचलल्या. लवकर सुरुवात केली आणि जेवण सांभाळलं तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही, असं डॉक्टर म्हणतात. मी त्या दिवसाची वाट बघत होते. काल रात्री एका चुकीच्या टोपणापायी भुऱ्याच हातातून गेला असता.

वीज अजून नाही. बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्याशी ठेवल्यात. सासूबाई आत्ताच उठल्या, त्यांच्या लाल टोपणाच्या साऱ्या सिरिंजा वेचल्या आणि देवघराच्या फडताळात नेऊन ठेवल्या. केशरी तेवढ्या स्वयंपाकघरात राहिल्या.

साडेसहाला पुन्हा कान टोचायचा आहे. सातचा डोस नाही.