टाकून देतो, पण शिफारस करत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. लोकांच्या लॅपटॉपवर डेबियन ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम घालून द्यायला लागल्यापासून हा प्रश्न सुटलेला नाही: "वाय-फायचं बंद फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा, सोर्स कोड न दिलेला प्रोग्राम) तुम्हीच टाकून देता, मग मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पानं कंपनीच्या एखाद्या चांगल्या ड्रायव्हरची शिफारस केली तर बिघडलं कुठे?"

बिघडतं. आमच्या वाचनालयातला प्रिंटर डेबियनवर चालेना. कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, फुकट मिळत होता, त्याचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) मात्र नव्हता. "घाला बिनधास्त," असं मीच ग्रंथपालबाईंना म्हणालो. दोन वर्षांनी डेबियनची पुढची आवृत्ती घातली आणि छपाई बंद पडली. कंपनीनं कळवलं, या मॉडेलसाठी आता नवा ड्रायव्हर नाही. यंत्र धडधाकट, टोनर भरलेला, आणि नेमकं कुठे अडलंय ते उघडून बघायचीही सोय नाही. बाई काही बोलल्या नाहीत, सभासदांच्या पावत्या हातानं लिहायला बसल्या. शब्द मी दिला होता आणि तो निभावणं माझ्या हातात नव्हतं.

डेबियननं हा फरक नियमातच घातलाय. डेबियनमध्ये सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात मिळतं. प्रत्येक पॅकेजच्या माहितीत 'डिपेंड्स', 'रेकमेंड्स', 'सजेस्ट्स' अशा ओळी असतात. 'रेकमेंड्स'मधलं पॅकेज एपीटी, म्हणजे पॅकेजं बसवणारा प्रोग्राम, एरवी आपणहून सोबत आणतं. 'सजेस्ट्स'मधलं नुसतं नाव दाखवतं. 'मेन' या मुक्त सॉफ्टवेअरच्या विभागातल्या पॅकेजला 'मेन'बाहेरचं पॅकेज 'रेकमेंड्स'मध्ये लिहिता येत नाही, 'सजेस्ट्स'मध्ये येतं. मला ही रेघ फार योग्य वाटते. असं काही आहे हे लपवायचं नाही, पण आपल्या भरवशावर ते कुणाच्या गळ्यातही मारायचं नाही.

मग फर्मवेअर? पूर्वी इन्स्टॉलर मध्येच थांबून फर्मवेअरची फाइल मागायचा. घरात लॅनची केबल नसली की माणूस तिथेच अडकायचा. 2022 मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान घेतलं आणि 2023 च्या डेबियन 12 पासून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच आलं. कोणतं चढवलं ते सांगायचं आणि नको असेल त्याला नाकारता यायला हवं, हेही ठरावात होतं. मला तो निर्णय पटला. कार्ड आधीच विकत घेतलेलं असतं, त्याची शिक्षा त्या माणसाला कशाला?

म्हणून मी फर्मवेअर टाकतो, फाइलचं नाव कागदावर लिहून देतो आणि हे दुरुस्त करणं माझ्या हातात नाही हे तेव्हाच सांगतो. नवीन खरेदी असेल तर मात्र आधी विचारा. वाचनालयाचा नवा प्रिंटर आम्ही कंपनीचा ड्रायव्हर न घालता चालणारा बघून घेतला.